लवू गुरव आणि न वाचलेला कौल

कसालहून आत उतरणाऱ्या तांबड्या रस्त्याने ओहोळ ओलांडला की आमच्या गावचे रवळनाथाचे देऊळ लागते. त्या देवळात लवू गुरवांनी सारे आयुष्य एकच काम केले. लोकांच्या वतीने देवाला प्रश्न विचारणे, हे ते काम. पूजा, दिवाबत्ती, नैवेद्य हे सर्व त्यांच्याकडे होतेच. पण ती कामे कोणीही श्रद्धावान मनुष्य करू शकेल, असे त्यांचे मत होते. कौल लावणे मात्र कोणाच्याही हातचे नव्हे. भिजवलेल्या पाकळ्या देवाच्या पाषाणमूर्तीवर, दोन्ही अंगांना, परंपरेने ठरलेल्या जागी चिकटवायच्या. गाऱ्हाणे घालून, म्हणजे देवाला मोठ्याने साकडे घालून, प्रश्न मांडायचा. आणि मग हात जोडून स्तब्ध उभे राहायचे. उजव्या अंगाची पाकळी आधी सुटली तर होकार, डाव्या अंगाची सुटली तर नकार. मधल्या काळात कोणी खोकायचे नाही, कोणी घाई करायची नाही. लवू गुरवांची दृष्टी त्या वेळी मूर्तीच्या खांद्यावर अशी खिळलेली असे की, पाकळी आपल्या भाराने पडते की त्या दृष्टीच्या भाराने, असा संशय पाहणाऱ्याला यावा.

त्यांच्या शास्त्राचे नियम थोडे आणि कडक होते. प्रश्न एकच असावा आणि तो स्पष्ट असावा. एकदा उत्तर मिळाले की तोच प्रश्न पुन्हा मांडू नये. तसे करणे म्हणजे उत्तर देणाऱ्यावर अविश्वास दाखवणे. आणि तिसरा नियम सर्वांत अवघड: ज्याने विचारले, तो उत्तराला बांधला गेला. जमीन विकू का, असे विचारून डावा कौल मिळालेला बाबू नावाचा एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न शब्द फिरवून घेऊन आला, तेव्हा लवू गुरवांनी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरूनच त्याला परतवले होते.

“बाबू, देव बहिरो नाय. आणि मी येडो नाय.”

बाबूने जमीन विकलीच. गावात असे पुष्कळ जण होते. देवाला विचारण्याची हौस सर्वांना, ऐकण्याची थोड्यांना. लवू गुरव हे जाणून होते, आणि अशा माणसाचे गाऱ्हाणे ते पुढे वर्षभर घालत नसत. प्रश्न, त्याचे उत्तर आणि त्यानंतरचे आचरण ही एकाच वाटेवरची गावे असून मध्येच उतरणाऱ्याने गाडीत बसूच नये, अशी त्यांची धारणा होती. आमच्या शास्त्रकारांनीही संशयापासून निर्णयापर्यंतचा प्रवास अखंडच मानला आहे. लवू गुरवांनी ते शास्त्र वाचले नव्हते, एवढाच काय तो फरक.

साठीच्या आसपास त्यांच्या गालाच्या आत एक व्रण उठला. पान आणि तंबाखू यांचा सहवास जुना होता. मुंबईस नेले, कर्करोग ठरला, किरणांचे उपचार झाले, आणि ते अर्धे वजन घेऊन गावी परतले. पुढच्या तपासणीसाठी मात्र मुंबई गाठावी लागली नाही. तिकडच्या एका मोठ्या रुग्णालयाचे पथक त्या सुमारास महिन्यातून एकदा कसालच्या एका धर्मादाय दवाखान्यात येऊ लागले होते. शिरोड्यापासून विजयदुर्गापर्यंतचे रुग्ण त्या दिवशी दवाखान्याच्या पडवीत बसलेले दिसत. ही १९८७ सालची गोष्ट.

श्रावणातल्या खेपेस त्या पडवीत एक नवी गोष्ट घडली. सुनीती नावाची एक तरुण डॉक्टर हातात कागदांचा गठ्ठा घेऊन रुग्णांमधून फिरू लागली. कागदावर मथळा होता: ‘जीवनाची गुणवत्ता’. खाली तीसेक प्रश्न, आणि प्रत्येकापुढे चार उत्तरे: मुळीच नाही, थोडेसे, बरेच, अतिशय.

“काका, हे प्रश्न तुम्हांला विचारले तर चालेल का?” ती लवू गुरवांजवळ येऊन म्हणाली. “सक्ती नाही हं. नको वाटलं तर नाही म्हणायचं.”

“किती प्रश्न?”

“तीस.”

“तीस!” लवू गुरव शेजारी बसलेल्या पत्नीकडे, शेवंतीबाईंकडे वळले. “ऐकलंस गो? आमच्या रवळनाथाक वर्साक इतके कोण इचारणा नाय.”

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. जन्मभर विचारण्याच्या अंगाला उभ्या राहिलेल्या माणसाला प्रथमच उत्तराच्या अंगाला बसण्याचा मान मिळत होता. शिवाय प्रश्न स्पष्ट होते, आणि उत्तरांच्या जागा ठरलेल्या होत्या. “आपलो कौल दोन अंगांचो,” ते शेवंतीबाईंना म्हणाले, “ह्यो चार अंगांचो. पण रीत बरोबर आसा.”

मग त्यांनी नळावर हातपाय धुतले, टोपी नीट केली, वहाणा दूर काढल्या आणि पूर्वेकडे तोंड करून कागद मांडीवर घेतला. प्रत्येक प्रश्न वाचून डोळे मिटायचे, खरे काय ते आत पाहायचे, आणि मगच खूण करायची, अशा पद्धतीने त्यांनी तो कागद भरला. त्यांचा नंबर केव्हाच निघून गेला होता. ‘वेदनांमुळे आपली झोप मोडते काय?’ या प्रश्नावर त्यांनी सर्वांत अधिक वेळ घेतला; कारण किरणांनंतर जबड्यापासून कानापर्यंत जी कळ उठू लागली होती, ती रात्री अंथरुणाला पाठ टेकू देत नव्हती. त्यांनी ‘अतिशय’वर खूण केली.

पडवीत कोणीही नकार दिला नाही. मालवणच्या आनंदीबाई या निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी उत्तरे शाईने भरली, खाली रेघ ओढली आणि कागद देताना विचारले, “निकाल कधी?” सुनीती हसली. त्या हसण्यात समाधान होते. रुग्णांना असले कागद पुढे केले तर ते कंटाळतील, चिडतील, अशी भीती तिच्या वरिष्ठांनी घातली होती. आणि येथे तर लोक हातपाय धुऊन बसत होते.

आतल्या खोलीत मोठ्या डॉक्टरांनी लवू गुरवांच्या तोंडात बॅटरीचा प्रकाश टाकला.

“काय गुरव, कसं काय?”

“बरं आहे, साहेब.” दवाखान्यात, कचेरीत ते शुद्ध बोलत.

“काही त्रास?”

“सर्व कळवलं आहे, साहेब.”

डॉक्टरांना वाटले, ही या बाजूची नम्रपणे बोलण्याची रीत असावी. “छान!” म्हणून त्यांनी केसपेपरावर लिहिले: तक्रार नाही.

परतीच्या एसटीची वाट पाहत दोघे कसालच्या तिठ्यावर उभे होते, तेव्हा शेवंतीबाईंचा संयम संपला.

“अवो, रातभर कानार हात धरून बसतास, आणि डॉक्टराक बरा आसा म्हणून सांगतास?”

“मी सांगलंय गो. कागदार सांगलंय.”

“तोंडान सांगूक काय झाला?”

“एकदा सांगलेला परत सांगलंय तर त्यांका वाटात, गुरवाचो आपल्याच जबाबार इस्वास नाय.”

“आणि औषद?”

“त्यांनी इचारल्यानी मा? मगे देतले. इचारणारो मोकळो सुटणा नाय.”

“देव परवडलो,” शेवंतीबाई पदर खोचत म्हणाल्या. “तो तरी कागद भरून घेणा नाय.”

भाद्रपदात तेच झाले. कागद आला, हातपाय धुतले गेले, ‘अतिशय’वर खूण पडली, आत ‘बरं आहे साहेब’ झाले. आश्विनातही तसेच. लवू गुरवांच्या मनात शंका येत नव्हती असे नाही. परंतु देवाच्या दारीही उत्तराचे फळ लगेच मिळत नाही, हे त्यांनी स्वतःच इतक्या जणांना सांगितले होते की, आता स्वतःला न सांगणे त्यांना शोभले नसते. सुनीती मात्र प्रसन्न होती. तीन खेपा झाल्या, आणि कसालच्या पडवीत एकही नकार नव्हता.

इकडे देवळात निराळेच संकट उभे राहिले. सततच्या जागरणाने लवू गुरवांचा हात कापू लागला. पाकळी लावताना ती जागेवर बसेना. कधी गाऱ्हाणे सुरू होण्याआधीच गळून पडे. आणि कार्तिकात जत्रेचा दिवस ठरवायचा कौल होता. वर्षातला सर्वांत मोठा कौल तो. त्या दिवशी हात कापला तर कौल मोडला, आणि कौल मोडला तर तो लावणाऱ्याचा मान संपला. त्यांचा चुलतभाऊ भिकाजी या मानाकडे वर्षानुवर्षे डोळा लावून होता. दुष्ट नव्हे, नुसता तयार.

“दादानू, हात कापता तुमचो,” एके सकाळी तो म्हणाला. “औंदा कौल मी लावतंय.”

“हात कापता. जीभ कापणा नाय अजून. तुका गाऱ्हाना तरी येता?”

“शिकतलंय.”

“देवाच्या म्होरी उभो रवान शिकतलंस?”

“तुमी खंय शिकल्यात?”

लवू गुरवही तेथेच शिकले होते. मानकऱ्यांनी मधला मार्ग काढला. कौलाच्या दिवसापर्यंत हात स्थिर झाला तर लवू, नाही तर भिकाजी. शेवंतीबाईंनी कानात ऊन तेल घातले, लसूण ठेचून बांधली, कडू काढे दिले. कळ आपल्या जागी राहिली.

अशा स्थितीत कार्तिकातली खेप आली. सुनीतीने सवयीने कागद पुढे केला. लवू गुरवांनी तो घेतला, वरचा मथळा पाहिला आणि घडी न मोडता परत दिला.

“नको?”

“नको, बाईनू.”

सुनीतीच्या चेहऱ्यावर क्षणभर अशी छटा उमटली, जणू घरातलेच कोणी रुसले आहे. तरी ती नियमाने वागली. “सक्ती नाही, काका. फक्त कारण लिहावं लागतं. थकवा वाटतो? प्रश्न फार झाले? की प्रश्न फार खाजगी आहेत?”

“प्रश्न बरे आसत. माझ्या जबाबांचा काय झाला, ता सांगा.” आज प्रथमच ते दवाखान्यात आपल्या बोलीत बोलत होते.

“उत्तरं मुंबईला जातात.”

“मगे?”

“मग मोजतात.”

“काय मोजतत?”

येथे सुनीतीला गुळगुळीत काही सांगून सुटता आले असते. तिने तसे केले नाही, ही तिच्या कुलाची म्हणा, शिक्षणाची म्हणा, थोरवी. “किती जणांनी कागद पूर्ण भरला, किती जणांनी अर्धा सोडला, किती जणांनी नाकारला. रुग्ण दर खेपेला असे कागद भरायला राजी असतात की नाही, एवढंच या अभ्यासात पाहायचं आहे.”

“आणि आत काय लिवला, ता?”

“ते सध्या कोणी वाचत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांना तर दाखवायचंच नाही, असा नियम आहे. म्हणजे तुम्ही मोकळेपणानं लिहाल. मी पाकिटात घालून लगेच चिकटवते.”

“अगबाई!” आनंदीबाई उद्गारल्या. “म्हणजे पेपर तपासलेच नाहीत?”

लवू गुरवांनी सुनीतीकडे पाहिले. राग असता तर तिला सोसला असता. त्यांच्या नजरेत केवळ आश्चर्य होते.

“म्हणजे बाईनू,” ते सावकाश म्हणाले, “पाकळी पडली, इतक्याच बघलास. खंयच्या अंगाक पडली, ता बघूक नाय.”

सुनीतीला कौल ठाऊक नव्हता. शेवंतीबाईंनी तो तिला दोन वाक्यांत समजावला आणि तिसऱ्या वाक्यात आपले गाऱ्हाणे घातले: “ह्या माणसान तीन खेपा लिवल्यान, झोप नाय, कळ मारता म्हणून. कानात खिळो मारल्यासारखी. उद्या हात कापलो तर देवळातलो मान जातलो. आणि आत जावन ‘बरा आसा’!”

“काका!” सुनीती उभीच राहिली. “मग आत डॉक्टरांना का नाही सांगितलं?”

“तुमका लिवन दिलंय नाय? एकदा दिलेलो जबाब परत कसो देऊ?”

“डॉक्टर म्हणजे देव नव्हे, काका. त्यांना दहादा सांगावं लागतं.”

“ता आधी सांगूचा होता. मी देवच समाजलंय.”

“दोघांचीय अक्कल एकाच दुकानातली,” शेवंतीबाई म्हणाल्या. “एक लिवन गप, एक घेवन गप.”

पडवी हसली. सुनीतीही हसली, पण लवू गुरवांचा दंड धरूनच, आणि नंबर नसताना त्यांना आत घेऊन गेली. “सर, यांना पुन्हा विचारा. आणि ‘बरं आहे’ म्हणाले तर ऐकू नका.” मोठ्या डॉक्टरांनी विचारले. लवू गुरवांनी आपला एक नियम मोडला आणि दिलेले उत्तर पुन्हा दिले. तेही मालवणीत, कारण शुद्ध मराठीत दुखणे सांगण्याचा त्यांना सराव नव्हता. डॉक्टरांनी जबडा चाचपला, कानामागे दाबले, तेव्हा ते प्रथमच त्यांच्यासमोर कळवळले. किरणांनी जबड्याचे हाड दुखावले होते आणि एक किडका दात त्यात भर घालत होता. दात काढला गेला, गोळ्या मिळाल्या, रात्री घ्यायचे निराळे औषध मिळाले. ‘तक्रार नाही’ ही ओळ डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने खोडली.

सायंकाळी सुनीती आपला तक्ता भरू लागली. नकार: एक. कारणाच्या रकान्यात छापलेली चार कारणे होती. लवू गुरवांचे त्यांत कोठेच बसेना, तेव्हा तिने ‘इतर’वर खूण केली. ज्या माणसाने त्या पडवीत प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून, अंतःकरण तपासून उत्तर दिले होते, तोच अशा रीतीने कसालचा एकमेव अनिच्छुक रुग्ण ठरला. आणि तीन संमतींनी जे झाले नव्हते ते त्या एका नकाराने झाले.

झोप मिळू लागली. कळ समूळ गेली नाही, पण तिने रात्रीचा हक्क सोडला. कौलाच्या दिवशी गाभाऱ्यात लवू गुरव उभे राहिले, मागे पाण्याचा तांब्या घेऊन भिकाजी. मानकरी हाताकडे पाहत होते; देवाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. पाकळ्या जागेवर बसल्या. गाऱ्हाणे खोल, किंचित बोबड्या आवाजात झाले. तोंडाची एक बाजू अजून नीट उघडत नव्हती. “व्हय म्हाराजा” असा सर्वांचा घोष झाला आणि शांतता पसरली. उजवी पाकळी सुटली.

“पयल्याच खेपेक!” भिकाजी कोणाच्या तरी कानात म्हणाला. “देव पण दादांका भियाता.”

ठरलेल्या दिवशी जत्रा भरली. सुनीतीही आली होती. तिनेच तेथे देवळाच्या पायरीवर बसून पुढची हकीकत सांगितली. त्या दिवसानंतर ती कागद पाकिटात घालण्यापूर्वी, रुग्णाच्या समोर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू लागली होती, आणि वाचलेले आत डॉक्टरांना कळवू लागली होती. हे तिने वरिष्ठांना प्रामाणिकपणे लिहून टाकले. उत्तर आले: कसाल येथील सर्व कागद अभ्यासातून वगळण्यात येत आहेत. तेथे उत्तरे वाचली जात असल्यामुळे रुग्णांच्या राजीपणावर अनिष्ट परिणाम होतो आणि निष्कर्षांच्या शुद्धतेस बाध येतो. अन्य केंद्रांवर, जेथे कोणी काही वाचत नव्हते, तेथे अभ्यास निर्दोष चालू होता.

“म्हणजे माझो नकार पण गेलो?” लवू गुरवांनी विचारले.

“तोही गेला, काका.”

“अरेरे,” ते म्हणाले. त्यांना खरोखरच हळहळ वाटलेली दिसली. गावाबाहेरच्या कोणत्याही दप्तरात त्यांचे मत नोंदले गेल्याची ती एकच वेळ होती.

कागद मात्र थांबले नाहीत. मोजणी मुंबईने सोडली. सुनीतीने कागद सोडले नाहीत. पौषातल्या खेपेस लवू गुरवांनी स्वतःहून हात पुढे केला, पण घेण्यापूर्वी विचारले, “वाचतल्यात मा?” ती “वाचीन” म्हणाली, तेव्हाच ते नळाकडे गेले. हळूहळू पडवीतले सगळेच तसे विचारू लागले. आनंदीबाई तर ती वाचून होईपर्यंत समोर हाताची घडी घालून बसत, आणि एखादे पान भरकन उलटले गेले तर “मागे या” म्हणत. रांग लांबली. संध्याकाळची परतीची गाडी अनेकांची चुकू लागली. याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

पुढच्या उन्हाळ्यात व्रण परतला, आणि या वेळी डॉक्टरांना काही करण्यासारखे उरले नाही. हे लवू गुरवांना कोणी सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही. ज्या उत्तराने बांधून घ्यायची तयारी नाही तो प्रश्न मांडू नये, हा त्यांचाच नियम. देवळातला कौल त्यांनी स्वतः भिकाजीच्या हाती दिला आणि पहिले काही दिवस बाहेर बसून त्याच्या चुका मोजल्या. कसालला जाणे मात्र सोडले नाही. शेवटच्या खेपेस शेवंतीबाई आणि भिकाजी यांनी त्यांना धरून पडवीत आणले. बोलणे संपले होते. हातपाय शेवंतीबाईंनी ओल्या पंचाने पुसले. मग कागद मांडीवर घेऊन, एकेका प्रश्नावर डोळे मिटून, ते बराच वेळ खुणा करीत राहिले.

सुनीतीने कागद घेतला आणि त्यांच्यासमोर, जमिनीवरच, बसली. झोप मोडते काय: थोडीशी. घरच्यांचा आधार वाटतो काय: अतिशय. ती वाचत गेली. पडवीत कोणी खोकले नाही. लवू गुरव हात जोडून तिच्या डोळ्यांकडे पाहत होते, रवळनाथाच्या खांद्याकडे पाहावे तसे; आणि ती शेवटच्या ओळीवर पोचेपर्यंत त्यांनी ते हात खाली आणले नाहीत.